मॉर्निंग ग्लोरी ओळखावी निदलांवरून, फुलवावी अंधारात

पाऊस ओसरू लागला की मुंबईत खिडक्यांच्या ग्रिलवर, गच्च्यांच्या कठड्यांवर निळी-जांभळी, कर्ण्याच्या आकाराची फुले दिसू लागतात. रुळांलगतच्या कुंपणांवर तर ती जवळजवळ वर्षभर असतात. आपण या सगळ्यांना सरसकट ‘मॉर्निंग ग्लोरी’ म्हणतो. प्रत्यक्षात आयपोमिया या प्रजातीत शेकडो जाती आहेत. आपले उपासाचे रताळे त्यातलेच, नाळीची भाजी त्यातलीच आणि अक्सा-गोराईच्या वाळूत पसरणारी मर्यादवेलही त्यातलीच. म्हणून कुंडीतली वेल नेमकी कोणती, हे आधी कळायला हवे. कोणती बियांपासून लावायची, कोणती फांदीपासून, कोणती फुलायला का अडते, हे सारे जातीवर अवलंबून असते.

ओळखताना रंगावर भरवसा ठेवू नये. ‘हेवन्ली ब्ल्यू’ नावाचा प्रसिद्ध वाण घ्या. त्याची कळी जांभळट-लालसर असते आणि उमललेले फूल आकाशी. रंगद्रव्य मात्र तेच असते. पाकळीच्या पेशींमध्ये पाण्याने भरलेली पोकळी असते, तिच्यातली आम्लता उमलताना कमी होते. जपानी शास्त्रज्ञांनी १९९५ साली ती प्रत्यक्ष मोजली: कळीत सामू (पीएच) ६.६, उमललेल्या फुलात ७.७. तेवढ्या फरकाने लालसर रंग निळा होतो. फूल मिटताना पुन्हा गुलाबी झाक येते. एकच फूल सकाळी आणि दुपारी वेगळे दिसत असेल, तर रंगावरून जात कशी ठरवणार?

त्यापेक्षा फूल उलटे करून मागची हिरवी निदले बघा. निदलांची टोके लांब, निमुळती आणि बुडाशी राठ केस असतील, पान तीन खंडांचे असेल, तर ती आयपोमिया निल. हिच्याच बिया ‘काळादाणा’ म्हणून काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. निदले केसाळ पण आखूड आणि पाने बहुधा हृदयाकृती असतील, तर आयपोमिया पर्पुरिया. निदले अगदी लहान आणि गुळगुळीत, पानही गुळगुळीत असेल, तर ट्रायकलर. हेवन्ली ब्ल्यू याच जातीतला. पक्के बोंड फोडून पाहिले तर आणखी खात्री पटते. निल आणि पर्पुरियाच्या बोंडात साधारण तीन कप्पे आणि सहा बिया असतात, ट्रायकलरच्या बोंडात दोन कप्पे आणि चार बिया.

बाकीच्या काही जाती पानावरूनच ओळखू येतात. पाच बोटांत विभागलेले पान आणि फिकट जांभळे फूल असेल, तर ती रुळांकाठची रेल्वे क्रीपर, म्हणजे आयपोमिया कैरिका. दोऱ्याइतके बारीक चिरलेले पान आणि चांदणीसारखे लालभडक फूल म्हणजे गणेशवेल. पांढरे, मोठे, संध्याकाळी उमलून सकाळी मिटणारे फूल म्हणजे गुलचांदणी. नर्सरीत थनबर्जियाची निळी वेल पाहून अनेकजण फसतात. तिची पाने पेरावर समोरासमोर जोडीने येतात, आयपोमियाची मात्र एकाआड एक. एवढे पाहिले तरी पुरते.

आता लागवड. निलचे बी कठीण कवचाचे असते आणि त्यातून पाणी सहज आत शिरत नाही. नेलकटरने टोकाचा बारीक टवका काढा किंवा बी सँडपेपरवर घासा, आणि रात्रभर भिजवून पेरा. भर जुलैत कुंडीत पाणी साचून बी कुजते, म्हणून मुंबईत ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. दहा-बारा इंची कुंडी, चढायला जाड सुतळी, सकाळचे चांगले ऊन आणि खत बेताचेच. नत्र जास्त झाले की नुसता पाला माजतो.

सगळे नीट करूनही वेल फुलत नसेल, तर रात्री गॅलरीत जाऊन उभे राहा आणि पानांवर किती उजेड पडतो ते बघा. माझ्या मते शहरातल्या बागकामात सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. आयपोमिया निल रात्रीची लांबी मोजते आणि रात्र पुरेशी लांब झाली की कळ्या धरते. ‘व्हायोलेट’ नावाच्या जपानी वाणाची नुसती दोन बीजपत्रे असलेली रोपे एकदाच सोळा तास अंधारात ठेवली, तरी ती कळीला लागतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी हा प्रयोग कितीतरी वेळा केला आहे. पण त्या अंधाराच्या मध्यावर काही मिनिटे लाल प्रकाश पडला, तर सगळे फिसकटते. पानांतले फायटोक्रोम हे द्रव्य तो प्रकाश टिपते आणि झाडाच्या हिशेबी रात्र तुटते. मुंबईत जूनमधली सर्वांत लहान रात्रही पावणेअकरा तासांच्या आसपास असते, डिसेंबरमधली तेरा तासांची. निसर्गाकडून रात्र कमी पडत नाही. तिला तोडतात गॅलरीतला रात्रभर जळणारा दिवा आणि समोरचा रस्त्यावरचा दिवा. दिवा बंद करता येत नसेल, तर कोवळी रोपे काही दिवस संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत पुठ्ठ्याच्या खोक्याखाली झाका.

फूल उमलण्याची वेळही अंधारावरूनच ठरते. निलची तयार कळी अंधार पडल्यावर सुमारे दहा तासांनी उमलते. ऑक्टोबरअखेर मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पहाटे चार-साडेचारलाच फूल उघडलेले असते. ज्यांना ते ताजे पाहायचे आहे त्यांनी लवकर उठावे, कारण त्याचे मिटणेही ठरलेले आहे. पाकळीच्या पेशी स्वतःहून मरण्याची प्रक्रिया सुरू करतात. ‘इफेमेरल-१’ हे जनुक दडपले, की फूल दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकते, असे जपानी संशोधकांनी २०१४ साली दाखवले. आपल्याकडे गारठ्याच्या किंवा ढगाळ दिवशी ते थोडे अधिक टिकते, तेवढ्यावर समाधान मानावे.

निल स्वतःच्याच परागांनी फळते, त्यामुळे साठवलेल्या बियांतून बहुतेक तोच वाण येतो. आयपोमिया इंडिका ही बहुवर्षायू निळी वेल मात्र बागेत क्वचितच बी धरते. तिची फांदी पेरासकट मातीत लावावी. बिया मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. काळादाणा तीव्र रेचक आहे आणि ट्रायकलरच्या बियांत मेंदूवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. इंडिका आणि रेल्वे क्रीपर छाटल्यावर तुकडे नाल्यात, खाडीकाठी किंवा आरेच्या झाडीत टाकू नका. पेर ओलसर मातीला टेकले की तिथेच मुळे फुटतात आणि वेल झाडांवर पसरून त्यांचे ऊन अडवते. छाटलेला पाला गच्चीवर कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच कंपोस्टच्या डब्यात घाला.