ग्रीक सुवर्णालंकारांतील वाद्यप्रतिमा

ग्रीक सुवर्णालंकारांतील वाद्यप्रतिमा : प्राचीन ग्रीक वाद्यांच्या, विशेषतः लायर व किथारा या तंतुवाद्यांच्या, आकृती योजून घडविलेल्या दागिन्यांतील आकृतिबंध. उपलब्ध उदाहरणे बहुधा इ. स. पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातील व हेलेनिस्टिक (अलेक्झांडरच्या मृत्यूनंतरच्या) काळातील आहेत. इ. स. पू. ३५६ च्या सुमारास मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याने पँगिऑन डोंगराजवळच्या सोन्याच्या खाणी मिळविल्या आणि पुढे त्याचा मुलगा अलेक्झांडर याच्या हाती इराणी खजिने आले. त्यामुळे ग्रीक जगात सोने मुबलक झाले.

या दागिन्यांत वाद्य सहसा वादकाच्या हाती असते. हेलेस्पाँट (आजची दार्दानेल्स) सामुद्रधुनीवरील मॅडिटस येथील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असलेल्या मुकुटपट्टीवर (सु. इ. स. पू. ३३०–३००) मध्यभागी मद्यदेव डायोनायसस व त्याची पत्नी ॲरिॲड्नी असून दोन्ही बाजूंना वेलींवर बसलेल्या वादक स्त्रिया आहेत. काही लोंबत्या कर्णभूषणांत सायरेन, म्हणजे अर्धी स्त्री व अर्धा पक्षी असलेली आकृती, किथारा वाजविताना दिसते. ॲटिका या अथेन्सभोवतीच्या प्रदेशातील थडग्यांवरही शोक करणाऱ्या सायरेन आढळत असल्याने अशी भूषणे मृतांसाठीच घडविली जात, असे काही अभ्यासक मानतात. तथापि थडग्यांत पुरलेले सोनेच पुन्हा वितळविले जाण्यापासून वाचले, हे ध्यानात घेता नित्य वापराची शक्यता अधिक ग्राह्य वाटते.

वाद्याची ओळख पटविणे सोपे नाही. लायरचा भोपळा (ध्वनिपेटी) मूळचा कासवाच्या पाठीचा, तर किथाराचा लाकडी, सपाट बुडाचा व जाड बाहूंचा असतो; पण बोटाच्या पेराएवढ्या आकृतीत हा भेद पुसट होतो आणि तारांची संख्या तर सोनाराच्या सोयीने ठरते, म्हणून तिच्यावरून वाद्याचा काळ ठरविणे धोक्याचे आहे.

आकृती पातळ पत्रा ठोकून उठावात घडवीत. तपशील तारकामाने (बारीक तारा जोडून) व रवाकामाने (बारीक रवे जोडून) भरीत. सोन्याचे बारीक रवे पृष्ठभागावर सांधा न दिसता कसे बसविले, याविषयी मतभेद होते. तांब्याचा क्षार व डिंकासारखा चिकट पदार्थ यांच्या मिश्रणाने रवे चिकटवून तापविल्यास तांबे मोकळे होते आणि सांध्यापुरती मिश्रधातू बनून ती शुद्ध सोन्याच्या १,०६४ अंश सेल्सिअस या वितळबिंदूपूर्वीच वितळते. ब्रिटिश धातुकारागीर एच. ए. पी. लिटलडेल यांनी १९३० च्या दशकात पुढे आणलेली ही उपपत्ती आज सामान्यतः स्वीकारली जाते. मात्र प्रत्येक कारागिराने हीच रीत वापरली असेल, असे नाही.

अथेन्समधील सुवर्णकार इलियास लालाउनिस यांनी १९५० च्या दशकापासून प्राचीन आकृतिबंधांचे व तंत्रांचे पुनरुज्जीवन केले.