नेमणूक वेगळी, तयारी वेगळी

नाताळ आटोपला की आमच्या चर्चच्या मंडळीत एक कागद फिरायला लागतो. संडे स्कूल कुणाकडं, तरुण संघ कुणाकडं, दान मोजायला कोण, गायनाला कोण. जानेवारीच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना पुढं बोलावतात, पाळकसाहेब प्रार्थना करतात, मागून चहा-पोहे. घरी जाताना सगळे म्हणतात, "यंदा तयारी झकास झाली." झालेली असते ती नेमणूक.

खरं तर हा फरक कोल्हापूरकराला सांगायला नको. खासबागेत पैलवानाचं नाव पुकारतात ते कुस्ती लागायच्या जरा आधी. गंगावेस नाहीतर मोतीबाग तालमीत घातलेल्या जोर-बैठका त्याच्या कितीतरी आधीच्या. चर्चच्या पायऱ्या चढलो की मात्र आपण हे विसरतो.

संडे स्कूलच्या पहिल्या वर्षी माझ्या हाती हजेरीवही, खडूची पेटी आणि कपाटाची किल्ली आली. तिसऱ्याच रविवारी वर्ग सुटताना एक गृहस्थ दारात. "मी हिचा मामा, न्यायला आलोय." पोरगी माझ्या मागं सरकली. वहीत तिच्या घरचा फोन नंबर नव्हता. मोठ्यांची उपासना सुटून तिची आई येईपर्यंत मी तिचा हात धरून तिथंच उभी राहिले. मामा खराच निघाला, वर चांगलाच चिडलाही. पण मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. नेमणूक मात्र अगदी पक्की होती, टाळ्यांसकट!

म्हणून नेमणूक बिनकामाची असं नाही. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या ६ व्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरबुर झाली, तेव्हा सात जण निवडून त्यांच्यावर हात ठेवले गेले, तेही प्रार्थना करून. चारचौघांत नाव घेतलं की अधिकार मिळतो, मग "तुला कुणी सांगितलं?" असं कुणी विचारत नाही. पण अधिकार मिळाला म्हणून काम येतंच असं नाही.

मोशेनंतर लोकांचा पुढारी झालेल्या यहोशवाचं बघा. मोशेनं त्याच्यावर हात ठेवला तो गणनेच्या २७ व्या अध्यायात. अमालेकांशी लढायला त्याला पाठवलं होतं ते त्याच्या कितीतरी आधी, निर्गमच्या १७ व्यात. मधे रानातली जवळपास चाळीस वर्षं गेली. आम्ही एका रविवारात उरकतो.

तिसरा प्रकार संकल्पाचा, तोही तयारीत गणला जातो. वाइल्डर या मिशनरी घराचं नाव इथं चर्चमुळं ओळखीचं आहे. त्या घरातला रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मनला शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनरी सेवेला जायचा संकल्प केला, त्यामागं तो होता. संकल्प एका उन्हाळ्यात झाला, पण ती पोरं अजून शिकतच होती.

मग तयारी कशाला म्हणायचं? नव्या शिक्षिकेनं चार रविवार जुनीच्या वर्गात मागं बसावं. पुढचे दोन रविवार गोष्ट तिनं सांगावी आणि जुनीनं मागं बसावं. वर्गात दोन मोठी माणसं असावीत, कुणीच एकटं नको. दान दोघांनी मोजावं, तिथंच वहीत लिहून दोघांनी सही करावी. आणि एक गोष्ट चहापाण्याच्या आधी सांगायलाच हवी: २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "आधी कमिटीत बोलू" ही पळवाट त्यात नाही.

हे सगळं जानेवारीतच उरकायला हवं असंही नाही. खजिनदाराचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, पोरांची इयत्ता जूनमध्ये बदलते.

खरी अडचण जुन्या माणसांची आहे. वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. आमच्याकडं तो डाव म्हणजे कुठल्या पोराला वाचता येत नाही, कुणाच्या घरी सध्या भांडण आहे, पेटीचा कुठला सूर अडकतो. हे कुठल्याच कागदावर नसतं. यंदा वर्ग सोडणाऱ्या बाईंना मी हजेरीवहीची मागची पानं भरायला लावली. त्यांनी आधी तोंड वाकडं केलं, मग अडीच पानं लिहिली. पहिलीच ओळ आहे: "खिडकीजवळच्या दोघांना शेजारी बसवू नये, प्रार्थनेत डोळे मिटले की चिमटे काढतात."