शाईच्या आधीचं लिहिणं

गेल्या चैत्रात जुन्या वह्यांची कोरी पानं रात्रभर भिजत घातली आणि सकाळी मिक्सरमधून त्यांचा लगदा काढला. आजी अशाच लगद्यात मेथ्या वाटून घालायची आणि बांबूच्या टोपल्या लिंपायची. माझा बेत वेगळा होता. मातीचे बोराएवढे शंकू, गोळ्या आणि चकत्या करून मी भाजून आणल्या होत्या. त्या पाटावर मांडल्या, वरून ओला लगदा थापला, फडक्यानं पाणी टिपलं आणि पाट उन्हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी कागद सुटून आला. भर दुपारच्या उजेडात तो कोराच वाटत होता. संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं, तशी प्रत्येक खळग्याच्या कडेला सावली धरली: तीन शंकू, दोन गोळ्या, एक चकती. शाईचा थेंबही नव्हता, तरी हिशेब वाचता येत होता.

लेखनाचा जन्म असाच झाला, ठशांतून. पश्चिम आशियात शेती रुजली त्या काळापासून, म्हणजे इ.स.पू. 7500च्या सुमारापासून, असे मातीचे छोटे आकार सापडतात. 1969 साली डेनिस श्मांट-बेसेरा या संशोधिका मातीच्या प्राचीन वापराचा अभ्यास करायला निघाल्या आणि संग्रहालयामागून संग्रहालयात त्यांना हेच शंकू नि गोळ्या भेटत गेल्या. या मोजणीच्या खुणा आहेत, असं त्यांनी मांडलं. एक आकार म्हणजे धान्याचं एक माप, दुसरा म्हणजे एखादं जनावर. इ.स.पू. 3500च्या आसपास आजच्या इराणमधलं सुसा आणि इराकमधलं उरुक या प्राचीन शहरांत या खुणा मातीच्या पोकळ गोळ्यात बंद करून वर मुद्रा उमटवू लागले. पण गोळा एकदा लिंपला की आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळायचं कसं? म्हणून काही गोळ्यांवर ओल्या मातीतच बाहेरून खुणांचे ठसे दाबलेले आहेत. ठसाच सगळं सांगतो म्हटल्यावर आतल्या वस्तूंची गरज संपली. गोळ्याची चपटी पाटी झाली.

अनेक नक्षीदार खुणांतून थेट चिन्हं निघाली, हा श्मांट-बेसेरा यांच्या मांडणीचा भाग बऱ्याच अभ्यासकांना मान्य नाही. आकड्यांच्या ठशांची साखळी मात्र मला पटते, कारण ती मातीतच दिसते. उरुकच्या पाट्यांवर बोरूच्या गोल टोकाचा तिरका ठसा म्हणजे एक, सरळ दाबलेला गोल ठसा म्हणजे दहा, आणि मोठा तिरका ठसा म्हणजे साठ. या पाट्यांत बहुतेक हिशेबच आहेत: जव, बिअर, मेंढ्या, मजुरांचा शिधा. एका पाटीवर 37 महिन्यांतल्या 29,086 माप जवाची नोंद आहे आणि सोबत ‘कुशिम’ असं नाव किंवा हुद्दा. मनुष्यजातीच्या या आरंभीच्या लेखनात ना स्तोत्र आहे ना गोष्ट. दुधाच्या रतिबाचे खाडे कॅलेंडरवर मांडणारी आपली आई त्या कारकुनाच्या अगदी जवळची आहे, आणि हे मला फार मोलाचं वाटतं.

उच्चार त्यानंतर आला. उरुकच्या परिसरातल्या सुमेरी भाषेत ‘ती’ म्हणजे बाण, आणि ‘ती’ म्हणजे जीवनसुद्धा. जीवनाचं चित्र काढणार कसं? मग बाणच काढला. इथून चिन्हाला आवाज मिळाला.

रेघा मात्र लेखनाहून कितीतरी जुन्या. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत एका दगडी कपचीवर गेरूच्या टोकदार तुकड्यानं ओढलेल्या सहा रेघा आहेत आणि त्यांना छेदणाऱ्या तीन. वय सुमारे 73,000 वर्षं. त्यांना लेखन म्हणता येत नाही, पण हात मुद्दाम फिरला होता हे नक्की. ‘लिख्’ या धातूचा जुना अर्थही खरवडणं, ओरखडा काढणं असाच आहे.

कोकणच्या सड्यावर बारसूला, कशेळीला, उक्षीला जांभ्यात खोदलेली कातळशिल्पं पाहायची तर जाणकार सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जायला सांगतात. डोक्यावरच्या उन्हात अख्खा हत्ती कातळात विरून जातो. मातीच्या पाट्या वाचणारे अभ्यासकही दिवा बाजूला, खाली धरतात. गणित एकच: खोली डोळ्याला सावलीतूनच कळते.

कागदात ही खोली आणणारा सर्वांत मोठा भारतीय कलावंत माझ्या मते सोमनाथ होर. 1970च्या दशकात शांतिनिकेतनात त्यांनी मातीच्या थरावर सुरीनं घाव घातले, त्यावरून सिमेंटचा साचा घेतला आणि त्यात कागदाचा लगदा दाबला. पांढऱ्यावर पांढरं, नुसते व्रण. मालिकेचं नावच ‘जखमा’. त्यांचा विषय बंगालचा दुष्काळ आणि हिंसा होता, लिपी नव्हे. तरी आधी माती, मग ठसा हा क्रम तोच.

माझा कागद खिडकीतच राहिला आणि वैशाखात वळवाची सर आत आली. सेल्युलोजचे तंतू वाळताना एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. त्यांच्यामध्ये पाणी शिरलं की ती पकड सुटते. कागद फुगला, खळगे वर आले, आणि दोन्ही गोळ्यांचे ठसे गेले. एका शंकूची कड तेवढी बोटाला लागते. भाजलेले शंकू मात्र डब्यात जसेच्या तसे आहेत.