जुन्या वाइनची निवळी

शिरोली एमआयडीसीत फाउंड्री असलेला माझा एक वर्गमित्र मध्यंतरी साठीचा झाला. त्याच्या मुलानं परदेशातून येताना दोन वर्षांपूर्वी त्याला एक बाटली आणून दिली होती. फ्रान्सच्या बोर्दो भागातली तांबडी वाइन, १९९६ च्या हंगामातली. किंमत त्यानं मला सांगितली, पण वहिनींना सांगायची नाही या अटीवर. बाटली दोन वर्षं दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये उभी होती, वडिलांना कुस्तीत मिळालेल्या चांदीच्या गदेशेजारी. येईल त्याला ती काढून दाखवायची, आडवीतिडवी करून लेबल वाचून दाखवायचं, परत ठेवायची.

माझा भाचा कोल्हापुरातल्याच एका बड्या हॉटेलात वाइनचं काम बघतो. शोकेसची हकीकत ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. “मामा, काकांना म्हणावं, कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी बाटली आमच्याकडं पाठवा. उभी धरून आणा, डिकीत टाकू नका. आणि आता कुणाला दाखवू नका.” मित्राचं उत्तर, “दारू हाय का बाळंतीण?” मनातून मलाही ते हॉटेलवाल्यांचं सोंगच वाटत होतं. मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, पण मेणबत्ती लावणं, पेला फिरवणं, घोटभर चाखून मान डोलवणं हे सगळं मला बिल फुगवायचे प्रकार वाटायचे. त्या रात्री जवळून बघितल्यावर मत बरंचसं बदललं. सगळं नाही.

बाटली दोन दिवस उभी का ठेवायची, हे कळायला चुन्याची निवळी आठवावी. पूर्वी घरोघरी लहान पोरांना ती द्यायचे. खायचा चुना पाण्यात कालवायचा, रात्रभर भांड्याला हात लावायचा नाही, साका तळाला बसला की वरचं नितळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात काढायचं. जुनी तांबडी वाइन वाढताना हेच करायचं असतं. फक्त वाइनचा साका फार बारीक असतो. द्रवातून खाली बसणाऱ्या कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हा स्टोक्सचा नियम. कण निम्म्या आकाराचा असेल तर त्याला चौपट वेळ लागतो. दहाव्या हिश्श्याचा असेल तर शंभरपट. शेवटची धूळ खाली बसायला दिवस जातात आणि ती वर उठायला एक हिसका पुरतो.

हा साका बाटलीतच तयार होतो. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून वाइनमध्ये टॅनिनं म्हणजे तुरट द्रव्यं उतरतात, सालीतून अँथोसायनिनं उतरतात. जांभळाला आणि वांग्याला रंग येतो तो याच अँथोसायनिनांमुळे. वर्षानुवर्षं हे रेणू एकमेकांना जोडले जातात, त्यांच्या साखळ्या लांबत जातात आणि एका मर्यादेपलीकडे त्या विरघळलेल्या राहू शकत नाहीत. त्या सुट्या होऊन खाली बसतात. कोवळ्या वाइनचा जांभळट रंग उतरून विटकरी होतो तो यामुळे, आणि तुरटपणाही त्याबरोबर मऊ होतो.

टॅनिनाचा कोल्हापूरशी जुना घरोबा आहे. कोल्हापुरी चपलेचं कातडं हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावतात. त्यातलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरून बसतं, म्हणून कातडं कुजत नाही. तुरट वाइनच्या घोटानं जीभ आखडते तेव्हाही असंच काहीसं चाललेलं असतं. तिथं कातड्याऐवजी लाळेतली प्रथिनं सापडतात. मित्राला हे सांगितलं तर तो पेल्याकडं बघत म्हणाला, “म्हंजे आता जिभंची चप्पल होनार म्हना की.”

साक्यात आणखी एक चीज असते, टार्टारिक आम्लाच्या पोटॅशियम क्षाराचे स्फटिक. पांढऱ्या वाइनमध्ये तर ते इतके चकाकतात की गिऱ्हाईक काचेचे तुकडे निघाले म्हणून भांडायला उठतं. घाबरायचं कारण नाही. टार्टारिक आम्ल म्हणजे चिंचेचा आंबटपणा. द्राक्ष आणि चिंच दिसायला कितीही लांबची असोत, आम्ल एकच. लुई पाश्चरनं १८४८ साली याच आम्लाच्या एका क्षाराचे डावे-उजवे स्फटिक भिंगाखाली हातानं वेगळे केले होते आणि एकाच घडणीचे रेणू आरशातल्या प्रतिबिंबासारखे दोन तऱ्हांचे असू शकतात हे दाखवलं होतं. हे वर्गात शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर चिंच काढायचो.

आता बूच. आपल्याकडं रस्त्याकडेला पांढरी सुवासिक फुलं सांडणारं बुचाचं झाड वेगळं; वाइनचं बूच म्हणजे भूमध्य समुद्राकडच्या एका ओकची साल. जगातलं निम्मं बूच एकटा पोर्तुगाल पिकवतो. झाड न तोडता साधारण ९ वर्षांनी एकदा साल सोलतात. १६६५ साली रॉबर्ट हूकनं याच सालीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, त्यातल्या पोळ्यासारख्या कप्प्यांना ‘सेल’ म्हटलं, आणि जीवशास्त्राला पेशी मिळाली. एका घन सेंटिमीटरमध्ये असे काही कोटी कप्पे असतात, हवेनं भरलेले. म्हणून सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचं बूच दाबून साडेअठरा मिलिमीटरच्या गळ्यात बसवता येतं आणि ते तिथं वर्षानुवर्षं काचेला आतून रेटत राहतं. रबर एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूनं फुगतं. बूच जवळजवळ फुगत नाही. गळ्यात ठोकून बसवायला याच्याइतका सोयीचा पदार्थ सापडणं कठीण.

पण पंचवीस-तीस वर्षांत हा रेटा संपत येतो. बाटली आडवी असली तर बूच वाइननं ओलं राहतं. आमची बाटली दोन वर्षं गदेसारखी ताठ उभी होती. शिवाय दर उन्हाळ्यात वाइन प्रसरण पावते, थंडीत आकसते, बुचाची थोडी थोडी ढकलाढकल होते. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. तळघरात १२-१३ अंश धरा आणि आपल्या एप्रिलमधल्या दिवाणखान्यात ३२-३३. शोकेसमधला एक महिना म्हणजे तळघरातले चार.

कार्यक्रमाच्या रात्री हॉटेलात भाचा दुसऱ्या मेजावर गुंतला होता, तेवढ्यात त्याच्या हाताखालच्या एका उत्साही पोरानं साधा स्क्रू लावला आणि ओढला. बूच तुटलं. वरचा अर्धा स्क्रूला, खालचा गळ्यात. पोराचा चेहरा बघवेना. चूक त्याच्या हाताची नव्हती, हत्याराची होती. स्क्रू बुचाच्या मधोमध घुसतो आणि मधूनच ओढतो, पण बूच अडकलेलं असतं कडेनं, काचेला. जुन्या बुचाचा गाभा इतका भुसभुशीत होतो की कडेची पकड सुटण्याआधी तोच फाटतो. भाच्यानं येऊन दोन पातळ पात्यांचा चिमटा काढला. एक पातं लांब, एक आखूड. बूच आणि काच यांच्यामध्ये ती डावी-उजवी झुलवत आत सरकवायची, मग पिळत वर घ्यायचं. म्हणजे जिथं पकड आहे तिथंच ती सोडवायची. तिसऱ्या मिनिटाला बुचाचा खालचा तुकडा वर आला. ओला, जवळजवळ काळा, आणि त्याचा थोडा भुगा वाइनवर तरंगत होता.

“ह्यापेक्षा मान तापवून फोडायची की,” फाउंड्रीवाला म्हणाला. चेष्टेत म्हणाला, पण ही पद्धत खरंच आहे. पोर्ट या गोड पोर्तुगीज वाइनच्या जुन्या बाटल्यांसाठी लोखंडी सांडशी लालभडक तापवून बाटलीच्या गळ्याभोवती धरतात आणि मग तिथंच गार पाण्यात भिजवलेलं फडकं फिरवतात. तापलेली काच बाहेरून एकदम आकसते, ताण सहन होत नाही, गळा बुचाच्या खाली गोल तडकतो. ज्याच्या कारखान्यात गार साच्यानं ओतकाम तडकलेलं आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

मग यजमानाला घोटभर ओतून दिली. लोकांना वाटतं, हे ‘आवडली का’ विचारणं आहे. ते तसं नाही. बाटली नासलेली नाही ना, हे तपासणं आहे. बुचात कधी कधी टीसीए नावाचं संयुग असतं. बुरशी क्लोरीन असलेल्या संयुगांपासून ते बनवते. त्याचा वास ओल्या पोत्यासारखा, श्रावणात बंद राहिलेल्या कपाटासारखा. माणसाच्या नाकाला ते लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी कळतं. २५ लाख लिटरच्या ऑलिंपिक तलावात १० मिलिग्रॅम, म्हणजे साखरेचे मोजके दाणे टाकले तर जे प्रमाण होईल, तेवढं. आणि ते नुसता स्वतःचा वास आणत नाही. २०१३ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की टीसीए नाकातल्या गंधपेशींचे संकेतच दाबून टाकतं, त्यामुळे वाइनचे बाकीचे वासही मुके होतात. बूच हुंगून मात्र यातलं फारसं काही कळत नाही. बूच बुचासारखंच वासतं. तो विधी मी अजून सोंगातच धरतो.

आमची बाटली नासलेली नव्हती. आता निवळी काढायची. भाच्यानं मेणबत्ती लावली, बाटलीचा खांदा ज्योतीच्या वर धरला आणि पातळ मलमलीतून पसरट बुडाच्या काचेच्या भांड्यात बारीक धारेनं ओतायला सुरुवात केली. धार तुटू द्यायची नाही, कारण बाटली एकदा सरळ केली की साका उठलाच. ज्योतीच्या उजेडात आधी नुसता विटकरी प्रकाश दिसत होता. मग खांद्यापाशी धुरासारखी एक रेघ सरकत आली आणि भाच्याचा हात थांबला. मोबाइलच्या टॉर्चनंही हे जमतं, तो म्हणाला, पण मेणबत्तीला टिप जास्त मिळते.

ही कला इथं पहिल्यांदाच घडत होती असंही नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा समुद्रदेव पोसायडनच्या मूर्तीबरोबर रोमन घडणीचा काशाचा एक सुरईसारखा जगही निघाला. रोमन लोक असे जग वाइन वाढायला वापरत, आणि त्यांची वाइनही गाळून घ्यावी लागायची. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये पोसायडनपुढं सगळे थांबतात; त्या जगाकडं बघणारा मी तरी अजून पाहिलेला नाही.

सगळ्या खेळाचं मर्म मात्र ऑक्सिजनमध्ये आहे. चांगल्या बुचातून बाटलीला वर्षाकाठी मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मिळतो. इतक्या तुटपुंज्या शिध्यावर ती पंचवीस वर्षं सावकाश पिकते. आता हिशेब करा. हवेशी भरपूर संपर्क आला तर साध्या तापमानाला लिटरभर वाइनमध्ये साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ६. खळखळून ओतली तर पाच-सहा वर्षांचा शिधा पाच मिनिटांत पोटात जातो. हा ऑक्सिजन आधी टॅनिनासारख्या फिनॉल संयुगांवर जातो, त्यात लोहाचे अंश मध्यस्थी करतात, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि ते अल्कोहोलचं अॅसिटाल्डिहाइड करतं. वास येतो चिरून ठेवलेल्या सफरचंदासारखा. कोवळ्या वाइनमध्ये याला अडवायला सल्फाइट असतं. जुनीत ते बहुतेक संपलेलं असतं.

म्हणून “उघडून ठेवा, श्वास घेऊ दे” हा सल्ला दोन्हीकडून फसवा आहे. कोवळ्या वाइनची बाटली नुसती उघडून ठेवली तर काही होत नाही. गळ्यातला पृष्ठभाग जेमतेम पावणेतीन चौरस सेंटिमीटर, आणि २० सेंटिमीटर रुंदीच्या भांड्यातला तीनशेच्या वर. हवा द्यायचीच तर भांड्यात ओता. जुन्या वाइनला हवा मुळात द्यायचीच नसते. साका काढायचा म्हणून नाइलाजानं ओतायची आणि लगेच वाढायची. म्हणूनच महाग वाइन पेला-पेलानं विकणारी काही हॉटेलं बूच काढतच नाहीत. पोकळ सुई बुचातून आत घालतात, आरगॉन वायू सोडून तेवढीच वाइन बाहेर घेतात. सुई काढली की बूच आपलं छिद्र आपण मिटवतं. आरगॉन कशाशीच संयोग पावत नाही. पण सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या भुसभुशीत बुचाला सुई टोचायची भाच्याची तयारी नव्हती.

तांबडी वाइन ‘रूम टेंपरेचर’ला द्यायची म्हणतात. ती रूम युरोपातल्या जुन्या दगडी घरातली, १६ ते १८ अंशांची. आपल्या ३० अंशांत अल्कोहोल भराभर उडतं आणि नाकाला आधी तेच झोंबतं. भाच्यानं भांडं थोडा वेळ बर्फात ठेवलं, बर्फात पाणी घालून. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते, पाणी सगळीकडून चिकटतं आणि उष्णता लवकर ओढतं.

पहिल्या पेल्याला वाळक्या पानांचा, तंबाखूचा, किंचित चामड्याचा वास होता. मित्र दोन मिनिटं काही बोलला नाही, आणि ते त्याच्या बाबतीत फार झालं. मी माझा पेला मुद्दाम अर्धा तास तसाच ठेवला. तंबाखू गेला, पानं गेली, शेवटी खरोखर सफरचंदाची फोड उरली.

तांबडा रस्सा भाच्यानं तोवर अडवून धरला होता. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या उष्णतेच्या संवेदकाला चिथवतं, त्यालाच अल्कोहोलही हळवं करतं. आग दुप्पट लागते आणि नाजूक वास कुठल्या कुठं जातात. भांडं रिकामं झालं तेव्हा रस्सा आला. बाटलीच्या तळाला जेमतेम अर्धी वाटी गढूळ वाइन उरली होती, ती भाचा उचलून न्यायला लागला.

“थांब रं,” मित्र म्हणाला. “ह्याचं बी पैसं दिल्यात न्हवं?” आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं ती मटणाच्या वाटीत ओतली, ढवळली, भुरका मारला.

“कसं लागतंय?” मी विचारलं.

“जरा आंबट झालंय. चिंच घातल्यागत.”