झ्दानोव्ह, आंद्रेय अलेक्सांद्रोविच

(२६ फेब्रुवारी १८९६–३१ ऑगस्ट १९४८). सोव्हिएत राजकारणी व स्टालिनकाळातील सांस्कृतिक धोरणाचा प्रमुख प्रवक्ता. जन्म मारिउपोल (युक्रेन) येथे. १९१५ मध्ये तो बोल्शेव्हिक पक्षात आला. नीझ्नी नोव्हगोरोदची पक्षसंघटना सुमारे दशकभर सांभाळल्यावर १९३४ मध्ये केंद्रीय समितीचा सचिव झाला. त्याच वर्षी लेखकांच्या पहिल्या अधिवेशनात त्याने समाजवादी वास्तववादाची (साहित्य-कलेने समाजवादाला पोषक असे वास्तव रंगवावे, या अधिकृत भूमिकेची) मांडणी केली. डिसेंबरमध्ये तेथील पक्षप्रमुख कीरोव्हच्या खुनानंतर लेनिनग्राडची सूत्रे त्याच्याकडे आली. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन वेढ्याच्या काळातही ती त्याच्याकडेच होती.

पक्षाच्या केंद्रीय समितीच्या १४ ऑगस्ट १९४६ च्या ठरावाने ‘झ्वेझ्दा’ व ‘लेनिनग्राड’ या साहित्यिक नियतकालिकांवर कोरडे ओढले गेले. दुसरे बंदच पडले. कवयित्री आन्ना अख्मातोव्हा आणि विनोदी लेखक मिखाईल झोश्चेन्को यांना लेखकसंघातून काढण्यात आले. या मोहिमेला झ्दानोव्हचे नाव चिकटले असले, तरी तिचे जनकत्व वादग्रस्त आहे. जुने अभ्यासक ते त्यालाच देतात. इतिहासकार व्हर्नर हान याच्या मते झ्दानोव्ह तुलनेने मवाळ होता. पक्षनेता मालेन्कोव्ह याने आपला प्रतिस्पर्धी झ्दानोव्ह याच्या लेनिनग्राड गटाला खिंडीत पकडण्यासाठी हे प्रकरण पेटवले, असेही एक मत आहे. झोश्चेन्कोला ‘झ्वेझ्दा’च्या संपादक मंडळावर घेण्यास लेनिनग्राडच्या पक्षनेत्यांनीच जूनमध्ये मान्यता दिली होती, हे त्याला पूरक ठरते. मात्र ९ ऑगस्टच्या बैठकीत संपादकांना धारेवर धरणारा आणि झोश्चेन्कोवर तुटून पडणारा स्वतः स्टालिन होता. त्यामुळे पुढाकार स्टालिनचा व शब्द झ्दानोव्हचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात त्यामुळे अख्मातोव्हावर त्याने केलेल्या हीन शेरेबाजीची जबाबदारी कमी होत नाही.

संगीताविषयीच्या फेब्रुवारी १९४८ च्या ठरावाचे निमित्त संगीतकार मुरादेलीचा ऑपेरा होते. प्रहार मात्र शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियान आदी संगीतकारांवर झाला. १९५८ मध्ये पक्षाने ही टीका अन्याय्य ठरवली. १९४६ चा ठराव मात्र १९८८ पर्यंत कायम होता.

वाल्दाय येथे उपचार घेत असताना झ्दानोव्हच्या हृदयालेखात (ईसीजी) डॉ. लिदिया तिमाशुक यांना हृदयविकाराच्या झटक्याची चिन्हे दिसली. वरिष्ठांनी ती मानली नाहीत. तिमाशुक यांच्या तक्रारपत्राचा उपयोग पुढे १९५३ च्या ‘डॉक्टरांच्या कटा’च्या (डॉक्टरांनी सोव्हिएत नेत्यांचे जीव घेतल्याच्या) आरोपासाठी झाला.

सप्टेंबर १९४७ मध्ये कॉमिनफॉर्मच्या (यूरोपीय कम्युनिस्ट पक्षांच्या समन्वय संघटनेच्या) स्थापनाबैठकीत जग साम्राज्यवादी व साम्राज्यविरोधी अशा दोन छावण्यांत विभागल्याचे सांगताना त्याने भारताला साम्राज्यविरोधी छावणीचा सहानुभूतिदार म्हटले होते. तरीही १९४८ मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात बी. टी. रणदिवे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कम्युनिस्ट पक्षाने नेहरू सरकारविरुद्ध जहाल मार्ग धरला. त्यामागे याच भाषणाची प्रेरणा होती, असे अनेक अभ्यासक मानतात. थेट आदेश होता काय, याविषयी मतभेद आहेत.