वेन्ट (इंग्रजी क्रियारूप)

वेन्ट हे इंग्रजीतील ‘गो’ (जाणे) या क्रियापदाचे साध्या भूतकाळाचे रूप. कर्ता कोणीही असो, रूप बदलत नाही. गेला-गेली-गेले हा मराठी व्याप येथे नाही.

‘गो’शी त्याचे एकही अक्षर जुळत नाही, कारण मुळात ते ‘गो’चे नव्हेच. ‘वेन्ड’ म्हणजे वळणे, वाट धरणे. त्या क्रियापदाचा हा भूतकाळ. सेन्ड-सेन्ट, बेन्ड-बेन्ट, तसे वेन्ड-वेन्ट. प्राचीन इंग्रजीत ‘गो’चा भूतकाळ ‘एओडे’ होता, आणि गंमत म्हणजे तोही परक्याच धातूचा. साधारण १५व्या शतकापासून वेन्टने त्याला हटवले. भूतकाळ असा हातचा गेल्यावर वेन्डला ‘वेन्डेड’ हे नवे रूप घ्यावे लागले. आज ते क्रियापद ‘रमतगमत वाट चालणे’ अशा ठरावीक प्रयोगापुरते उरले आहे.

एका क्रियापदाची रूपे अशी भिन्न धातूंतून येण्याला जर्मन भाषाशास्त्रज्ञ हेरमान ऑस्टहोफ यांनी १८९९ मध्ये नाव दिले, ते ‘सप्लिशन’ या इंग्रजी रूपात रूढ झाले. मराठी माणसाने त्याचे नवल करू नये. आपले ‘जा’ संस्कृत ‘या’ धातूचे, तर ‘गेला’ हे ‘गम्’च्या ‘गत’पासून आलेले. आपणही ‘जाला’ म्हणत नाही. इंग्रज मुले मात्र बोलायला शिकताना ‘गोड’ (गो + एड) म्हणतात, आणि नियमाने पाहिले तर त्यांचेच बरोबर असते.

वेन्टचा अर्थ जाण्यापुरता नाही. पुढे विशेषण आले की तो ‘होणे’कडे झुकतो: दूध ‘वेन्ट सावर’ म्हणजे नासले, माणूस ‘वेन्ट मॅड’ म्हणजे वेडा झाला. हा बदल बहुधा वाईटाकडेच नेणारा असतो. ‘वेन्ट ऑन’ म्हणजे चालू राहिले. ‘वेन्ट ऑफ’ मात्र फसवे आहे: दिवे ‘वेन्ट ऑफ’ म्हणजे गेले, पण गजर ‘वेन्ट ऑफ’ म्हणजे वाजला!

मराठी विद्यार्थी हमखास अडखळतात ते ‘डिड नॉट वेन्ट’पाशी. ‘डिड’ने भूतकाळ आधीच दाखवलेला असतो, म्हणून पुढे मूळ ‘गो’च हवे. ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’नंतर प्रमाण इंग्रजीत ‘गॉन’ येते. ‘आय हॅव वेन्ट’ काही बोलींत ऐकू येते, परीक्षेत चालत नाही. त्यातही ‘हॅज गॉन टू पुणे’ म्हणजे पुण्याला गेला आहे, अजून परतलेला नाही. जाऊन आला असेल तर ‘हॅज बीन’.