संधिप्रकाशी नेमदुर्बीण : सशाच्या शिकारीसाठी निवड

सूर्यास्तानंतरच्या किंवा सूर्योदयापूर्वीच्या अपुऱ्या उजेडात लहान लक्ष्यावर नेम धरता यावा, यासाठी रायफलीवर बसवायची दुर्बीण. शिकारी तिला नुसते ‘स्कोप’ म्हणतात. प्रस्तुत नोंद बिळे करून राहणाऱ्या युरोपीय सशापुरती (ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) आहे. मराठीत ‘ससा’ या एकाच शब्दात हा प्राणी आणि उघड्यावर राहणारा, लांब पायांचा हेअर असे दोघेही येतात. दोघांच्या सवयी आणि त्यांच्यावर गोळी झाडण्याची अंतरे मात्र वेगळी आहेत. युरोपीय ससा प्रामुख्याने संधिप्रकाशात चरायला बाहेर पडतो. .२२ लाँग रायफलच्या मंदगती काडतुसाने त्याच्यावर साधारण ५०–७० मी. पर्यंतच गोळी झाडणे योग्य समजतात, आणि लक्ष्य म्हणजे जेमतेम ४ सेंमी. रुंदीचे डोके.

इतिहास : वापरण्याजोगी पहिली नेमदुर्बीण कोणाची, याविषयी एकमत नाही. अमेरिकेत जॉन चॅपमन आणि बंदूककार मॉर्गन जेम्स यांची नळी १८३५ ते १८४० च्या दरम्यानची मानतात. विल्यम माल्कम यांनी १८५५ च्या सुमारास तिच्यात वर्णदोषरहित भिंगे आणली. ऑस्ट्रियन लेखनात हा मान ऑगस्ट फीडलर यांना (१८८०) दिला जातो. मंद उजेडाच्या दृष्टीने मात्र नळीपेक्षा भिंगावरील लेपाचा इतिहास महत्त्वाचा ठरतो. लेप नसलेल्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. दुर्बिणीत असे १० पृष्ठभाग धरले, तर पलीकडे दोन-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. जुनी, डागाळलेली भिंगे नव्यांपेक्षा जास्त प्रकाश जाऊ देतात, हे इंग्लंडमध्ये डेनिस टेलर यांनी १८९० च्या दशकात हेरले होते. पण निर्वात पात्रात लेप चढवण्याची भरवशाची रीत जर्मनीतील येनाच्या झाइस या भिंगांच्या कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये साधली. अमेरिकेत जॉन स्ट्राँग यांनी १९३६ मध्ये स्वतंत्रपणे तेच केल्याने श्रेयाचा वाद राहिला. निरीक्षण टेलरचे आणि तंत्र स्माकुलाचे, ही वाटणी अधिक रास्त वाटते. एकपदरी मॅग्नेशियम फ्लुओराइडच्या लेपाने दर पृष्ठभागाची हानी दीड टक्क्यावर येते, बहुपदरी लेपाने अर्ध्या टक्क्यावर किंवा त्याहून खाली. म्हणजे त्याच १० पृष्ठभागांतून अनुक्रमे ८६ आणि ९५ टक्के प्रकाश पार होतो.

निर्गम वर्तुळ आणि डोळ्याची बाहुली : कोणतीही दुर्बीण पसरट वस्तूला नुसत्या डोळ्याला दिसते त्याहून उजळ करत नाही, ती वस्तू मोठी करते आणि फार तर उजेड कमी होऊ देत नाही. वस्तुभिंगाचा (पुढच्या भिंगाचा) व्यास भागिले विवर्धन (वस्तू किती पट मोठी दिसते तो आकडा), इतक्या मिमी. व्यासाचे प्रकाशवर्तुळ नेत्रिकेतून (डोळ्याकडच्या भिंगातून) बाहेर पडते; हेच निर्गम वर्तुळ. दुर्बिणीच्या नावातील पहिला आकडा विवर्धनाचा, दुसरा वस्तुभिंगाच्या व्यासाचा (मिमी.) असतो. ६×४२ आणि ८×५६ या दोन्हींत ते ७ मिमी. असते, ९ पटीवर ठेवलेल्या ३–९×४० (३ ते ९ पट बदलणाऱ्या) दुर्बिणीत साडेचारच्या आत, आणि तीच दुर्बीण ६ पटीवर आणली की ६.७. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात ७ मिमी. च्या आसपास फाकते. पन्नाशीनंतर अनेकांची ५ च्या पुढे जात नाही. जादा प्रकाश मग बुबुळावर पडून वाया जातो : ५ मिमी. बाहुलीच्या माणसाच्या हाती ८×५६ ही प्रत्यक्षात ८×४० असते, वजन तेवढे ५६ चे. आपली बाहुली किती फाकते हे आकाशनिरीक्षकांच्या युक्तीने कळते. अंधारात वीस-तीस मिनिटे काढल्यावर ५, ६ आणि ७ मिमी. जाडीची षट्कोनी चावी एकेक करून डोळ्यासमोर अगदी जवळ उभी धरून तारा पाहावा. तारा चावीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी दिसला, तर बाहुली त्या जाडीहून मोठी आहे.

संधिप्रकाश गुणांक : विवर्धन आणि वस्तुभिंगाचा व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे हा गुणांक. तो सहसा झाइसच्या संशोधकांच्या कामाशी जोडला जातो. ६×४२ चा गुणांक १५.९, ७×५० चा १८.७, ८×५६ चा २१.२. याला आधार आहे. मंद उजेडात डोळ्यातील शंकुपेशी थकतात, दंडपेशी काम हाती घेतात आणि बारकावे दिसेनासे होतात. अशा वेळी प्रतिमेचे क्षेत्र वाढवले, की अनेक दंडपेशींची बेरीज होऊन अंधुक वस्तू ओळखता येते (लहान लक्ष्यांपुरता हा नियम आन्नीबाले रिक्को यांच्या नावाने ओळखला जातो). म्हणून पुरेसे निर्गम वर्तुळ राखून विवर्धन वाढवणे हिताचेच. मात्र गुणांक एकट्याने फसवा आहे. ५६ पट विवर्धन आणि ८ मिमी. चे भिंग अशा निरुपयोगी नळीचाही गुणांक २१.२ च येतो, कारण सूत्रात ना बाहुली आहे, ना लेप, ना नळीच्या आतील भटका प्रकाश. विक्रीपत्रकात हा आकडा ठळक छापतात. निवड करताना त्याला शेवटची जागा द्यावी.

पारगमनातील (पार होणाऱ्या प्रकाशातील) दोन-तीन टक्क्यांचा फरक डोळ्याला जाणवत नाही. जाणवतो तो धूसरपणा. पश्चिमेच्या उजळ आकाशाखालील काळ्या कुंपणाकडे दुर्बीण रोखली असता चांगल्या दुर्बिणीत सावली काळी राहते; आतून नीट काळी न केलेल्या नळीत तिच्यावर राखाडी पडदा चढतो आणि तपकिरी ससा त्यातच विरघळतो. दुकानातील दिव्याखाली हा दोष दिसत नाही. सायंकाळी उघड्यावर, दुर्बीण रायफलीवर न चढवता पाहावे. छापील व्यासही मोजून घ्यावा : नेत्रिकेकडून विजेरीचा प्रकाश सोडून वस्तुभिंगातून बाहेर पडणारे वर्तुळ पट्टीने मोजले, की आतल्या कड्याने किती व्यास खाल्ला ते कळते. नळी २५.४ ऐवजी ३० मिमी. ची असली म्हणजे उजेड जास्त, हा समज चुकीचा आहे. त्या जाडीचा मुख्य फायदा नेम वर-खाली सरकवण्याच्या वावाला मिळतो.

क्रॉसहेअर (नेम धरण्यासाठी दुर्बिणीत दिसणारी रेषांची फुली) : ससा दिसतो पण रेषा दिसत नाही, ही तक्रार भिंगाच्या तक्रारीपेक्षा अधिक वेळा ऐकू येते. १०० मी. वर १ सेंमी. झाकणारी रेषा ६ पट दुर्बिणीत डोळ्यापाशी जेमतेम २ कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) होते. दिवसा ती छान दिसते, तिन्हीसांजेला नाहीशी होते. रेषा तिप्पट जाड केली तर ५० मी. वर ती दीड सेंमी. झाकते, म्हणजे सशाच्या डोक्याचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग. तोडगा म्हणजे जर्मन ४ क्रमांकाची रचना : डावीकडून, उजवीकडून आणि खालून जाड दांडे, मध्ये बारीक फुली. फुली हरवली तरी तीन दांड्यांच्या मधोमध नजर आपोआप जाते. पहिल्या नाभिप्रतलातील (वस्तुभिंगाकडच्या बाजूला बसवलेली) क्रॉसहेअर विवर्धनाबरोबर जाड-बारीक होते, दुसऱ्या प्रतलातील (नेत्रिकेकडची) होत नाही. बदलत्या विवर्धनाची दुर्बीण घेताना हे विचारून घ्यावे. प्रकाशित ठिपक्याच्या बाबतीत तो किती तेजस्वी होतो याला महत्त्व नाही, किती मंद होतो याला आहे. सर्वांत खालच्या पायरीवरही तो झगझगला, तर त्याच्याभोवती प्रभा दिसते आणि अंधाराला सरावलेला डोळा बिघडतो. लाल रंग दंडपेशींना सर्वांत कमी दिपवतो, म्हणून ठिपका लाल असतो.

पराशय : डोळा बाजूला सरकला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते, तो हा दोष. मोठ्या बोअरच्या (नळीच्या छिद्राच्या) रायफलीसाठी बनवलेल्या दुर्बिणींचा पराशय बहुधा १०० मी. किंवा यार्डांवर शून्य केलेला असतो, लहान बोअरच्यांचा ५० यार्डांच्या आसपास. १०० मी. साठी बांधलेली ५६ मिमी. ची दुर्बीण ५० मी. वर वापरली आणि डोळा निर्गम वर्तुळाच्या कडेला गेला, तर चूक १४ मिमी. पर्यंत जाते, ४२ मिमी. मध्ये १०.५. दिवसा बारीक बाहुलीचा डोळा अशा रुंद वर्तुळात कुठेही फिरू शकतो, आणि सायंकाळी घाईत गाल दस्त्यावर नीट बसत नाही. उपाय म्हणजे अंतर जुळवता येणारी दुर्बीण. काही जुन्या दुर्बिणींत वस्तुभिंगाचे कुलूपकडे काढून भिंग फिरवता येते, पण त्यात आत भरलेला नायट्रोजन निसटून आत दव धरण्याचा धोका असतो.

बसवणी : ५६ मिमी. च्या भिंगाला उंच कड्या (दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या) लागतात. दुर्बिणीचा अक्ष रायफलीच्या नळीच्या अक्षापासून ४५ मिमी. वर असेल आणि नेम ५० मी. ला बांधला असेल, तर मंदगती .२२ ची गोळी १० मी. वर सुमारे दीड सेंमी. खाली लागते. बिळाच्या तोंडाशी बसलेला ससा अशाने नुसता जखमी होतो. कड्यांचे स्क्रू १.७–२ न्यूटन-मीटरहून जास्त आवळल्यास दुर्बिणीची नळी दबते. स्प्रिंगच्या एअर रायफलीचा झटका मागे आणि पुढे असा दुहेरी असतो. तिच्यावर त्यासाठीच बनवलेली दुर्बीण लावावी, एरवी आतील भिंगे सैल होतात.

मध्यम उंचीच्या कड्यांवर ६×४२, किंवा ६ पटीवर ठेवलेली ३–९×४०, ही ५० मी. च्या कामाला पुरते. ८×५६ ची परंपरा जर्मन मचाणावरील चांदण्यातल्या रानडुकराच्या शिकारीची आहे. ससे शोधायला हातातली दुर्बीण वापरावी, रायफलीवरची नव्हे. कुंपणाआडची हालचाल माणसाचीही असू शकते.

दिवा आणि इलेक्ट्रॉनिक रात्रदुर्बीण हा वेगळा विषय आहे. त्यांच्या वापरावर आणि रात्रीच्या गोळीबारावर देशोदेशी निरनिराळी बंधने आहेत. ब्रिटनमध्ये १८८० च्या ग्राउंड गेम कायद्याने जमीन कसणाऱ्यास सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयापूर्वी एका तासापर्यंत सशांवर गोळी झाडण्यास मनाई केली होती. १९८१ च्या कायद्याने ती काही अटींवर सैल झाली.